थायरॉइडचा कागद कसा वाचावा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी नव्या श्रमसंहितांवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी थायरॉइडचे नाव काढल्यावर पलीकडून क्षणभर काही उत्तर आले नाही. माझी शाळा सातवीला सुटली. वैद्यकाशी माझा संबंध इतकाच, की घाटकोपरच्या आमच्या युनियनच्या कचेरीत लोक कागद वाचून घ्यावयास येतात. पूर्वी हे कागद म्हणजे पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा, नाही तर कारणे दाखवा नोटीस. अलीकडे त्यांत रक्ततपासणीच्या कागदांची भर पडली आहे आणि त्यांतही थायरॉइडचे कागद अधिक. पगाराची चिठ्ठी ज्याला वाचता येत नाही त्याला मालक फसवतो, हे मी तीस वर्षे फाटकाफाटकावर सांगत आलो. थायरॉइडच्या कागदाची गंमत अशी की तेथे फसवणारा कोणीच नसतो, तरी माणूस फसतो. कारण त्यातला मुख्य आकडा उलटा वाचावा लागतो.

गोळी कोणी किती घ्यावी हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, त्यात मी शिरणार नाही. परंतु डॉक्टर काय पाहून ठरवतात, एवढे कळावयास हरकत नसावी.

आधी एका बोलण्याच्या सवयीविषयी. 'मला थायरॉइड आहे' असे आपण सर्रास म्हणतो. तसे पाहिले तर थायरॉइड सर्वांनाच आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. वजन फार तर १५ ते २५ ग्रॅम. आपल्या कोशकारांनी तिला अवटु ग्रंथी असे नाव दिले आहे. ते कोशातच राहिले. ही ग्रंथी आहारातले आयोडीन घेऊन दोन द्रव्ये बनवते. एकात आयोडिनचे चार अणू असतात म्हणून ते टी-४, दुसऱ्यात तीन म्हणून टी-३. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ बाहेर पडते आणि शरीर आपल्या गरजेप्रमाणे त्याचे टी-३ करून वापरते. शरीराची भट्टी किती जोरात चालावी हे या द्रव्यांवर ठरते. ती जास्त झाली तर एक आजार, कमी पडली तर दुसरा. आपल्याकडे 'थायरॉइड आहे' म्हणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांना हा दुसरा, कमतरतेचा आजार असतो.

त्याची लक्षणे अशी की उपनगरात राहणाऱ्या माणसाला ती आजाराची वाटतच नाहीत. थकवा, सुस्ती, थंडी सोसवत नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठ, केस गळतात, कातडी कोरडी पडते, आवाज जड होतो, बायकांना पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होतो. बोरिवलीहून चर्चगेटला रोज उभ्याने जाऊन येणाऱ्या बाईने थकल्याची तक्रार केली, तर घरचे काय म्हणणार? 'दमलीस, जरा पड.' मुंबईसह आठ शहरांतील प्रौढ माणसांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत शंभरांपैकी सुमारे अकरा जणांत ही कमतरता सापडली, आणि त्यांतल्या काहींना रक्त तपासेपर्यंत त्याचा पत्ताही नव्हता. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार कितीतरी अधिक आढळतो.

आता कागदाकडे वळू. त्यावर सर्वांत महत्त्वाचा आकडा टीएसएचचा. हे द्रव्य थायरॉइडमधून येत नाही, आणि सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी नावाच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून येते. कारखान्याच्या भाषेत सांगतो. थायरॉइड हा कामगार, टी-४ हा त्याने काढलेला माल, रक्त हे गोदाम आणि पिट्यूटरी हा मुकादम. मुकादम कामगाराकडे बघत नाही. तो गोदामात माल किती आहे तेवढेच बघतो. माल कमी दिसला की ओरडतो; पुरेसा दिसला की आवाज खाली आणतो; फार झाला तर गप्प बसतो. टीएसएच म्हणजे त्या मुकादमाचा आवाज. (युनियनच्या माणसाने मुकादमाला एवढे महत्त्व द्यावे हे माझ्या सहकाऱ्यांना रुचलेले नाही, पण निसर्गाने संघटनेला विचारून रचना केलेली नाही.)

तेव्हा टीएसएच वाढले म्हणजे थायरॉइड वाढला, असे नव्हे. माल कमी पडला म्हणून मुकादम ओरडू लागला, असा त्याचा अर्थ. आणि टीएसएच फार खाली गेले, तर माल गरजेपेक्षा जास्त झाला. बहुतेक प्रयोगशाळा सुमारे ०.४ पासून ४ किंवा ४.५ पर्यंतचा आकडा नेहमीचा मानतात. कोणी मिलियुनिट प्रति लिटर असे लिहितो, कोणी मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर. दोन्हींचा आकडा एकच येतो, घाबरू नये. शेजारी 'फ्री टी-४' असतो, तो गोदामातला वापरण्याजोगा माल. त्याची मर्यादा प्रयोगशाळेगणिक बदलते, म्हणून त्याच कागदावर छापलेली मर्यादा पाहावी, मावशीच्या कागदावरची पाहू नये.

अंधेरीला सीप्झमध्ये काम करणारी एक बाई मागे कचेरीत आली. "भाऊ, माझा थायरॉइड वाढलाय. पन्नासची गोळी घेते, तरी चाराचे अकरा झाले. गोळीनंच वाढलं असणार. शेजारच्या ताई म्हणाल्या, निम्मी कर. तीन आठवडे निम्मीच घेते." पाहा, हिशेब किती सरळ आहे! आकडा वाढला, मग औषध कमी करा. रक्तातल्या साखरेची किंवा रक्तदाबाची आपल्याला सवय असते. तेथे आकडा वाढला म्हणजे ती गोष्टच वाढलेली असते. येथे आकडा वाढला म्हणजे दुसरी गोष्ट घटलेली असते. बाईचे गोदाम रिकामे होत होते, आणि तिने येणारा मालही निम्म्यावर आणला होता.

तिला तिच्या डॉक्टरांकडे धाडले. त्यांनी गोळी वाढवलीही नाही आणि कमीही केली नाही. त्यांनी विचारले, मागच्या तपासणीनंतर नवे काही सुरू केले का? बाईचे रक्त कमी होते म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि ती दोन्ही गोळ्या सकाळी एकाच घोटाबरोबर घेत होती. लोह पोटात थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवते, ते रक्तात शिरू देत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरची काही औषधे हेच करतात. त्यांत निदान चार तासांचे अंतर असावयास हवे. लोहाची गोळी रात्रीवर गेली, पन्नासची पूर्ववत सुरू झाली, आणि दोन महिन्यांनी अकराचे तीन झाले. तेव्हा आकडा बिघडला की पहिला प्रश्न गोळी वाढवावी की घटवावी हा नसतो. गोळी पोटात पोचते का, हा असतो.

आणखी एक गोष्ट या अकरात दडलेली आहे. चाराचे अकरा झाले म्हणजे आजार जवळजवळ तिप्पट झाला, असे बाईला वाटले होते. पिट्यूटरी हा फार हळवा मुकादम आहे. रक्तातले टी-४ निम्म्यावर आले, तर टीएसएच शंभरपटीच्या घरात चढू शकते. म्हणजे गोदामातल्या लहानशा तुटीसाठी तो मोठा गलका करतो. तपासणी म्हणून हा हळवेपणा फार उपयोगाचा आहे, पण आकड्याच्या उडीवरून दुखण्याचे माप काढू नये.

गोळीत काय असते? लेव्होथायरॉक्सीन, म्हणजे तेच टी-४, कारखान्यात बनवलेले. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या, आजाराने सुजून गेलेल्या बाईला टोचला. ती सुधारली, आणि पुढे मेंढीचा अर्क घेत घेत २८ वर्षे जगली. १९१४ साली अमेरिकेत केंडॉल यांनी शुद्ध द्रव्य वेगळे काढले. १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. आज तीच वस्तू औषधाच्या दुकानात लहानशा बाटलीत मिळते, आणि दिवसाच्या गोळीला एका कटिंग चहाहून कमी पैसे पडतात. पहिल्या त्या बाईच्या हकिगतीत ध्यानात घेण्याजोगे हे की तिचा अर्क २८ वर्षे बंद झाला नाही. कारण अर्काने तिची ग्रंथी बरी केली नव्हती. ग्रंथीचे काम बाहेरून चालवले होते.

आमच्या कचेरीत सर्वांत जास्त दिसणारी चूक याच जागी होते. कागद येतो, टीएसएच २.५, शेजारी 'नॉर्मल'. घरात आनंद. 'आता बरा झालास, गोळी कशाला?' आणि गोळी बंद. पुन्हा गोदाम आठवा. बाहेरून माल येतो आहे म्हणून मुकादम शांत आहे. कामगार आजारीच आहे. गोळी थांबली तर पहिल्या आठवड्यात काहीच वाटत नाही, कारण टी-४ रक्तातून फार सावकाश सरते. साठा निम्मा व्हावयास सुमारे सात दिवस लागतात. माणूस म्हणतो, बघा, काही फरक पडला नाही. महिना-दीड महिन्याने सुस्ती, सूज, कामावर डुलक्या. यंत्रावर हात असलेल्या माणसाला डुलकी म्हणजे काय, हे मी या सभेत सांगावयास नको.

काही जणांची ग्रंथी पुन्हा कामाला लागते, हेही खरे. बाळंतपणानंतर काही महिने बिघडलेली थायरॉइड पुष्कळदा सावरते. पण ते डॉक्टरांनी गोळी उतरवून, पुन्हा रक्त तपासून ठरवावयाचे असते. मोठ्या शहरांतल्या बहुतेक रोग्यांत कारण वेगळे असते. शरीराचे संरक्षक दल चुकून स्वतःच्याच थायरॉइडवर चालून जाते. जपानी डॉक्टर हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. कागदावर 'अँटी टीपीओ' वाढलेले लिहिले असेल, तर ती त्या चढाईची खूण.

येथे कोणी तरी मिठाचा प्रश्न विचारतोच. मुलुंड-भांडुपची मिठागरे उशाशी असताना आयोडीन कमी कसे? एक तर समुद्राच्या साध्या मिठात आयोडीन नगण्य असते. ते वरून घालावे लागते. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड घटतो हे दाखवले, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम निघाला, ते मोठे काम झाले. पण हाशिमोतोच्या आजारावर मीठ हा उपाय नव्हे. उलट आयोडिनच्या गोळ्या किंवा समुद्रशेवाळाची भुकटी मनाने खाल्ल्याने तो चिघळू शकतो.

गोळी सुरू केली किंवा तिचे प्रमाण बदलले की डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावयास सांगतात. लोकांना हा उशीर वाटतो. पंधरा दिवसांत तपासून पैसे घालवतात, आकडा पुरता उतरलेला नसतो, घाबरून आणखी वाढवून घेतात, आणि दोन महिन्यांनी टीएसएच तळाला. नवा साठा रक्तात स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे लागतात, मुकादमालाही ओरडणे सोडावयास वेळ लागतो. आजचा कागद गेल्या दीड महिन्याची हकिगत सांगतो. एकदा जम बसला की सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासले तरी सहसा पुरते.

प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये असते. २५, ५०, ७५, १००, शिवाय मधले ८८ आणि ११२ असलेही बाजारात आहेत. एवढ्या बारीक पायऱ्या उगीच नाहीत. ग्रंथी पूर्ण बंद असेल तर धडधाकट प्रौढाला वजनाच्या किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. परंतु वृद्धाला किंवा हृदयविकार असलेल्याला साडेबारा-पंचवीसपासून चढवीत नेतात, कारण थंडावलेली भट्टी एकदम पेटवली तर हृदयावर ताण येतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे टीएसएच पाच-सहा असले तर त्याला पुष्कळदा गोळी लागतही नाही. वयाबरोबर हा आकडा थोडा वर सरकतो. टीएसएच थोडे वाढलेले, दहाच्या आत, आणि फ्री टी-४ ठीक, असा कागद आला तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात आणि मग ठरवतात. अशा कागदावर लगेच गोळी मिळाली नाही म्हणून डॉक्टर बदलू नये.

जास्त गोळीचाही धोका आहे. वजन उतरावे म्हणून पाऊण-एक गोळी मनाने वाढवणाऱ्या तरुण मुली मला भेटल्या आहेत. टीएसएच ०.१ च्या खाली राहू लागले की छाती धडधडते, हात कापतात, झोप जाते. वर्षानुवर्षे तसेच चालले तर हाडे ठिसूळ होतात आणि उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित पडतात.

गरोदरपणाची गोष्ट थोडी आवाज चढवून सांगतो, कारण तेथे दुसऱ्या जिवाचा प्रश्न आहे. पहिले तीन महिने गर्भाची स्वतःची थायरॉइड काम करीत नाही. त्याच्या मेंदूला लागणारे टी-४ आईच्या रक्तातून येते. त्यामुळे गोळी घेणाऱ्या बाईची गरज दिवस राहताच वाढते, पुष्कळदा पाव हिश्श्याने किंवा त्याहून अधिक. 'गरोदरपणात औषधे नकोत' म्हणून सासूबाईंनी गोळी बंद करावयास लावली, असे मी एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. ही गोळी औषध खरी, पण ती शरीरातलीच वस्तू आहे, आणि बाळाला ती हवी आहे. दिवस राहिल्याचे कळले त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे, आणि पहिले पाच महिने तरी साधारण दर चार आठवड्यांनी रक्त तपासावे.

आता आपल्या शहराचा या तपासणीशी असलेला संबंध सांगण्याचा मोह आवरत नाही. तुर्भ्याला १९५६ साली अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. १९६३ मध्ये परळला अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले, आणि किरणोत्सर्गी आयोडीन वापरून थायरॉइडचे आजार ओळखण्याचे व बरे करण्याचे काम तेथे मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. रक्तातली इतकी सूक्ष्म द्रव्ये मोजण्याची युक्ती अमेरिकेत बर्सन आणि रोझलिन यालो यांनी शोधली. ती बोरिवलीकरांना लगेच कळेल. लोकलच्या डब्यात जागा ठराविक. फलाटावर किती गर्दी आहे ते मोजता येत नाही. तुम्ही गर्दीत लाल टोपीची शंभर माणसे सोडा आणि गाडी सुटल्यावर किती लाल टोप्यांना बसावयास मिळाले ते मोजा. थोड्यांना मिळाले तर गर्दी फार होती. पुष्कळांना मिळाले तर गर्दी कमी. लाल टोपी म्हणजे किरणोत्सर्गी खूण केलेले द्रव्य, गर्दी म्हणजे तुमच्या रक्तातले द्रव्य. या युक्तीचे पेटंट त्या दोघांनी घेतले नाही. बर्सन १९७२ मध्ये वारले. यालोबाईंना १९७७ चे नोबेल मिळाले. आज बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सर्गाच्या जागी प्रकाशाची खूण वापरतात आणि टीएसएच मोजण्याची रीतही थोडी निराळी आहे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. काही यंत्रांच्या रसायनांत बायोटिन नावाचे जीवनसत्त्व वापरलेले असते. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्या बाईच्या रक्तात ते भरपूर असले, की अशा यंत्राचा गोंधळ होतो. टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दाखवले जाते. केस थायरॉइडमुळेच गळत असतात, आणि केसांच्या गोळीने थायरॉइडचा कागद बिघडतो! तपासणीआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवावी आणि डॉक्टरांना सांगावे.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची आणि अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. ही अट वाचायला सोपी, ४.५० ची गाडी पकडणाऱ्याला विचारा. त्याने उठल्याबरोबर, तोंड धुण्याआधी गोळी घ्यावी आणि चहा स्टेशनवर. पाळ्या बदलणाऱ्यांचा प्रश्न जास्त कठीण. रात्रपाळीवाल्याची सकाळ दुपारी तीनला उजाडते, पुढच्या आठवड्यात पहाटे. झोपेतून उठल्यावर ही वेळ धरली तर बहुतेकांचे जमते; काहींना डॉक्टर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेण्यास सांगतात. एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही, साठा आठवड्याचा असतो. मात्र आठवड्यात दोन-तीन चुकल्या तर कागद तसे सांगतो, आणि आपण ते डॉक्टरांपासून लपवले तर ते गोळी वाढवून बसतात. बाटली गॅसच्या ओट्यावर ठेवू नये, उष्णतेने आणि पावसाळी दमटपणाने औषध उतरते. एका कंपनीची गोळी लागू पडली असेल तर दुकानदाराने दुसरी दिल्यावर तेवढे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

मुकादम आजारी असला तर काय, हे एका श्रोत्याने गेल्या खेपेस विचारले. प्रश्न फार चांगला होता. पिट्यूटरीच बिघडली असेल, तर गोदाम रिकामे असूनही ओरड होत नाही. टीएसएच ठीक आणि टी-४ कमी असा कागद येतो. हे क्वचित घडते, पण म्हणूनच संशय असला की डॉक्टर दोन्ही आकडे मागतात.

टीएसएच रात्री वर आणि दुपारी खाली असते, तेव्हा दर वेळी साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी रक्त द्यावे आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. कागद घरी आला की त्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहून ठेवावे : गोळी किती, कोणत्या तारखेपासून, महिन्यात किती चुकल्या, दुसरी कोणती औषधे चालू आहेत. मागचे कागद फेकू नयेत. पगाराच्या चिठ्ठ्यांच्या फाइलीत मागे लावले तरी चालेल.